एएमएचचा आकडा आणि स्त्रीबीजाचं वय



ज्या डॉक्टर बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावात उभा जन्म बाळंतपणं केली. मूल होत नाही म्हणून एखादी सून सासूबरोबर आली, तर बाई तिला परत पाठवायच्या आणि नवऱ्याला घेऊन यायला सांगायच्या. आधी त्याची तपासणी, मग हिची. ज्या काळात वीर्यतपासणीचं नाव काढलं तर पुरुष दवाखान्याची पायरी पुन्हा चढत नसत, त्या काळात बाईंनी हा नियम पाळला. म्हणून स्त्रीबीजावर बोलण्याआधी मीही तेच सांगते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडे काही ना काही कारण सापडतं, कधी एकटं, कधी बायकोच्या कारणाबरोबर. वीर्याची तपासणी स्वस्त आहे, तिला सुई लागत नाही आणि ती एका दिवसात होते. ती न करता बायकोला वर्षभर गोळ्या देत राहणं हा अन्याय आहे, आणि तो आजही सर्रास होतो.

मी डॉक्टर नाही, एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशन थिएटरला लागून असलेल्या प्रयोगशाळेत अंडी शोधायची, त्यांचं फलन करायचं, गर्भ वाढवायचा, गोठवायचा, हे माझं काम. रुग्ण मला फारशा भेटत नाहीत, त्यांच्या फाइली भेटतात. गेल्या काही वर्षांत त्या फाइलींत एक कागद सगळ्यांत वर लावलेला असतो, एएमएचचा रिपोर्ट. त्यावरच्या आकड्याभोवती कुणीतरी पेनने गोल केलेला असतो. ०.९, ०.६, १.१. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या मुली तो कागद हातात धरून विचारतात, ‘माझी अंडी संपली का?’

त्या प्रश्नाचं उत्तर आज नीट द्यावं म्हणून मी हा विषय घेतला. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: अंडी किती उरली याचा अंदाज त्या आकड्यावरून येतो, ती कशी आहेत हे त्यावरून कळत नाही. ती कशी आहेत हे मुख्यतः वयावरून कळतं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की उपचार चुकतात, पैसा जातो, आणि दोष मात्र त्या बाईच्या माथी येतो.

सुरुवात तिच्या जन्माआधीपासून करावी लागते. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते, तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून साठ ते सत्तर लाख अंडी असतात. हा तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा साठा. तिथून गळती सुरू होते. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख उरतात, पहिली पाळी येते तेव्हा तीन ते चार लाख. त्यानंतर पाळीच्या चक्रात बाहेर पडणारी अंडी उभ्या आयुष्यात फार तर ४०० ते ५००. बाकीची सगळी अंडाशयातच विरून जातात. बाई गरोदर असो, बाळाला अंगावर पाजत असो किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेत असो, ही गळती थांबत नाही. पाळी कायमची जाते तेव्हा जेमतेम हजारभर उरलेली असतात.

हा साठा नव्याने भरत नाही, हे मत जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी १८७० साली मांडलं आणि १९५१ मध्ये झुकरमन यांनी ते भक्कम केलं. २००४ साली बोस्टनच्या जोनाथन टिली यांच्या गटाने उंदरांवरच्या कामातून त्याला आव्हान दिलं. तेव्हापासून ‘स्टेम सेलपासून नवी अंडी’ अशा बातम्या अधूनमधून येतात. पण माणसाच्या अंडाशयात आपोआप नवी अंडी तयार होतात असं आजवर सिद्ध झालेलं नाही. त्या बातम्यांच्या जोरावर कुणी पैसे मागितले, तर देऊ नका.

याचा अर्थ असा की पस्तीस वर्षांच्या बाईचं अंडं पस्तीस वर्षांचंच असतं, उलट तिच्याहून काही महिन्यांनी मोठं. पुरुषाचा शुक्राणू दोन-अडीच महिन्यांत नवा तयार होतो. वयाचा परिणाम पुरुषावरही होतो, पण बाईवर तो इतका ठळक का होतो, याचं मूळ इथे आहे.

आता हे अंडं जवळून पाहू. ज्या दिवशी अंडी काढतात त्या दिवसाला आमच्याकडे ‘पिकअप’ म्हणतात. रुग्णाला थोडी भूल दिलेली असते. डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत योनीमार्गातून सुई अंडाशयात नेतात आणि एकेका फॉलिकलमधलं, म्हणजे अंडं ज्यात वाढतं त्या पिशवीतलं, पाणी ओढून घेतात. ते पाणी परीक्षानळीत पडतं, रंगाने फिकट पिवळं, कधी रक्तमिश्रित. नळी ३७ अंशांच्या उबेत ठेवलेली असते, कारण अंड्याला गारवा सोसत नाही. ती खिडकीतून आत आली की मी पाणी पसरट डिशमध्ये ओतते आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवते. अंड्याआधी दिसतो तो त्याच्याभोवतीचा पेशींचा चिकट, पारदर्शक पुंजका. सराव झाला की तो नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. त्याच्या मधोमध अंडं. मिलीमीटरचा दहावा भाग एवढाच त्याचा व्यास, तरी शरीरातली ती सर्वांत मोठी पेशी. मी खिडकीतून ‘मिळालं’ म्हणते आणि थिएटरमधली सिस्टर फळ्यावर एक रेघ ओढते.

दोन-तीन तासांनी, इंजेक्शनने शुक्राणू आत सोडायचा असेल तर, एका विकराच्या द्रावणात ते पुंजके काही सेकंद बुडवून बारीक पिपेटने पेशी सोलून काढतात. तेव्हा अंडं पहिल्यांदा उघडं दिसतं. बाहेरचं जाड काचेसारखं कवच, आत एकसारखा दाणेदार द्रव, आणि कवचाच्या आत एका कडेला चिकटलेला छोटा गोळा. त्या गोळ्याला पोलर बॉडी म्हणतात. तो दिसला म्हणजे अंडं पिकलेलं. दिसला नाही, तर त्या दिवशी ते फलनाला उपयोगी पडत नाही. दहा अंडी मिळाली तर साधारण आठ पिकलेली निघतात, सहाएक फलित होतात आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत दोन-तीन गर्भ टिकतात. हे चांगल्या दिवसाचं गणित. ‘दहा अंडी मिळाली होती, मग एवढेच गर्भ कसे?’ असं नातेवाईक विचारतात आणि त्यांच्या आवाजात संशय असतो. ही गळती निसर्गातही अशीच होते, फक्त तिथे ती कुणी मोजत नाही. हे पिकअपच्या आधी समजावून सांगायला हवं, नंतर सांगितलं की ते सबबीसारखं वाटतं.

पिकअप झाल्यावर रुग्ण विचारते, ‘मॅडम, क्वालिटी कशी होती?’ द्रव काळपट होता, कवच जाड होतं, आत पोकळ्या होत्या, हे मी सांगू शकते. पण अंड्याची प्रत ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त अवलंबून असते ती, म्हणजे गुणसूत्रांची अचूक विभागणी, मला त्या भिंगातून दिसत नाही. दिसायला देखणं अंडं आतून चुकलेलं असू शकतं, आणि ओबडधोबड अंड्यातून वाढलेली मुलं आज शाळेत जात आहेत.

गुणसूत्रांची ही विभागणी मुलगी जन्मण्याआधीच सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते. जोडीजोडीने उभी राहिलेली गुणसूत्रं तशीच वर्षानुवर्षं वाट पाहतात. ज्या महिन्यात ते अंडं बाहेर पडणार असतं, त्याच महिन्यात पुढचा टप्पा पुरा होतो. एवढा काळ जोड्या एकत्र धरून ठेवण्याचं काम कोहेझिन नावाची प्रथिनं करतात. वय वाढतं तशी ती झिजतात. शिवाय गुणसूत्रांना दोन्ही बाजूंना खेचणारी यंत्रणा ढिली पडते आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांची ताकद कमी होते. मग एखादं गुणसूत्र चुकीच्या बाजूला जातं. अशा अंड्याचा गर्भ बहुतेक वेळा रुजतच नाही, रुजला तर पहिल्या तीन महिन्यांत पडतो, आणि क्वचित डाऊन सिंड्रोमचं मूल जन्मतं. आईचं वय पंचवीस असेल तर डाऊन सिंड्रोमची शक्यता सुमारे १२५० जन्मांत एक असते, चाळीस असेल तर सुमारे शंभरात एक.

आयव्हीएफमध्ये वाढवलेल्या हजारो गर्भांच्या तपासण्यांतून एक चित्र स्पष्ट झालं आहे. तिशीच्या पहिल्या काही वर्षांत तीनांतला साधारण एक गर्भ गुणसूत्रांच्या चुकीचा असतो, बेचाळिशीत चारांतले तीन. म्हणजे बेचाळिशीतल्या बाईलाही चांगलं अंडं असतं, पण ते सापडायला बरीच अंडी लागतात, आणि नेमकी तेव्हाच अंडी कमी झालेली असतात.

कुणी म्हणेल, वय वाढलं की संबंध कमी होतात, नवराही म्हातारा होतो, सगळा दोष अंड्याला कशाला? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर फ्रान्समधून मिळालं. १९८२ साली तिथल्या शुक्राणू बँकांनी दोन हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. या सगळ्यांच्या नवऱ्यांना शुक्राणू अजिबात नव्हते आणि दात्याचे शुक्राणू ठरलेल्या वेळी दिले जात होते. त्यामुळे नवऱ्याचं वय आणि संबंधांचं प्रमाण हे दोन्ही मुद्दे निकालात निघाले. बारा चक्रांनंतर तिशीच्या आतल्या स्त्रियांत दिवस राहण्याचं प्रमाण ७३-७४ टक्के होतं, ३१ ते ३५ वयात ६१ आणि पस्तिशीनंतर ५४ टक्के. पुढे दात्याचं अंडं वापरण्याचे उपचार आले आणि उरलीसुरली शंकाही मिटली. पंचेचाळीस वर्षांच्या बाईच्या गर्भाशयात पंचवीस वर्षांच्या मुलीचं अंडं वापरलेला गर्भ ठेवला, तर यश पंचविशीच्या आसपासचं मिळतं.

आता एएमएचकडे येते. अँटी-म्युलेरियन हार्मोन हे अंडाशयातल्या लहान लहान फॉलिकलांच्या पेशी सोडतात. फॉलिकल जितके जास्त, तितका आकडा मोठा. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत जे बारीक फॉलिकल मोजतात, ते याच गोष्टीचं दुसरं माप. कणगीत धान्य किती आहे हे या तपासण्या सांगतात, दाण्याला कीड लागली आहे का हे सांगत नाहीत. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीचा आकडा ०.६ असला तरी तिची जी थोडी अंडी आहेत ती अठ्ठावीस वर्षांचीच आहेत. एक्केचाळीस वर्षांच्या बाईचा आकडा तीन आला, तर ती भरपूर अंडीही एक्केचाळीस वर्षांचीच असणार. पहिलीला घाबरवलं जातं आणि दुसरीला खोटा दिलासा मिळतो. दोघींचं नुकसान होतं.

अमेरिकेत ॲन स्टायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या, ३० ते ४४ वयाच्या, नुकत्याच मुलासाठी प्रयत्न सुरू केलेल्या सुमारे ७५० स्त्रिया त्यांनी घेतल्या. एएमएच कमी असलेल्यांना दिवस राहायला जास्त वेळ लागतो का, हे पाहिलं. लागला नाही. कारण सरळ आहे. नैसर्गिक गर्भधारणेला महिन्याला एकच अंडं लागतं. म्हणून मुलासाठी प्रयत्नच सुरू केलेले नाहीत अशा मुलीची उगाच एएमएच तपासणी करून तिला घाबरवू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा आणखी खाली दिसतो, हेही अनेकींना सांगितलं जात नाही.

मग एएमएचचा उपयोग काय? अंडी वाढवण्याच्या इंजेक्शनांना अंडाशय कसा प्रतिसाद देईल, हे आधी ओळखण्यासाठी. त्या कामाला तो आकडा खरोखर चांगला आहे.

दर महिन्याला काही फॉलिकल वाढीला लागतात. त्यांतला एक पुढे निघतो, बाकीचे मागे पडून विरतात. इंजेक्शनांतलं एफएसएच हार्मोन या मागे पडणाऱ्यांनाही वाढवतं. ‘इंजेक्शनांनी अंडी लवकर संपतात, पाळी लवकर जाते’ असं घराघरांत बोललं जातं, ते खरं नाही. त्या महिन्यात जी अंडी तशीही विरणार होती, तीच आपण मिळवतो.

या इंजेक्शनांचा इतिहास मला नेहमी थक्क करतो. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीत हे हार्मोन मोठ्या प्रमाणावर असतं, कारण अंडाशय दाद देत नाहीत म्हणून पिट्युटरी ग्रंथी ते अधिकाधिक सोडत राहते. १९४९ साली इटलीत पिएरो डोनिनी यांनी लघवीतून ते शुद्ध करण्याची रीत काढली. पण तेवढी लघवी आणायची कुठून? ती मिळाली इटलीतल्या कॉन्व्हेंटमधल्या वृद्ध नन्सकडून. डॉ. ब्रुनो लुनेनफेल्ड यांच्या प्रयत्नांनी त्या औषधाचा वापर सुरू झाला आणि १९६२ साली इस्राएलमध्ये त्याच्या मदतीने पहिलं मूल जन्मलं. ज्या स्त्रियांनी संसार सोडला होता, त्यांच्यामुळे हजारो घरांत मुलं आली.

आपल्या देशाचा या कथेतला भाग विसरता कामा नये. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊनचा जन्म झाला, तो नैसर्गिक चक्रातल्या एका अंड्यातून. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयोगातून मुलगी जन्मली. त्यांनी इंजेक्शनं देऊन एकाहून अधिक अंडी वाढवली होती आणि गर्भ गोठवून नंतर वापरला होता. आज जगभर जी पद्धत चालते तिच्या जवळ मुखर्जी होते. त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही, १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. याच आनंद कुमार यांनी १९९७ साली मुखर्जींचे कागद अभ्यासून पहिलेपणाचा मान त्यांना आहे, असं जाहीरपणे लिहिलं. स्वतःकडे असलेला मान त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकला. विज्ञानातलं हे मोठेपण मुलांना शाळेत शिकवावं असं मला वाटतं.

प्रतिसादाकडे परत येते. नेहमीच्या डोसला तीन किंवा त्याहून कमी अंडी मिळाली तर त्याला कमी प्रतिसाद म्हणतात. २०११ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी इटलीतल्या बोलोन्यात त्याचे निकष ठरवले. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या चार लाख चक्रांचा अभ्यास आला. त्यात मिळालेल्या अंड्यांची संख्या पंधराच्या आसपास पोचेपर्यंत मूल होण्याची शक्यता वाढते, पुढे ती थबकते आणि विसानंतर घटते, असं दिसलं. मग डोस वाढवून अंडी का वाढवत नाहीत? कारण जे फॉलिकल नाहीतच ते औषधाने येत नाहीत. नेदरलँड्समध्ये झालेली एक मोठी चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. प्रतिसाद कमी येईल असं आधीच दिसत असलेल्या स्त्रियांना तिथे जास्त डोस देऊन पाहिला. मुलं जास्त झाली नाहीत, खर्च मात्र वाढला.

भारतीय स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट जास्त काळजीची आहे. २०१४ साली स्पेन आणि भारतातल्या आयव्हीएफ रुग्णांची तुलना झाली. भारतीय स्त्रियांच्या अंडाशयांतला साठा त्यांच्याहून सुमारे सहा वर्षांनी मोठ्या स्पॅनिश स्त्रियांइतका दिसला. आपल्याकडे पाळीही सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिशीत जाते, पाश्चात्त्य देशांत एक्कावन्नच्या आसपास. म्हणून परदेशी पुस्तकातली पस्तिशीची रेघ जशीच्या तशी इथे लावता येत नाही. मूल होत नसेल, तर तिशीनंतर सहा महिन्यांतच तपासून घ्यावं, असं मी माझ्या भाच्यांना सांगते.

साठा लवकर का आटतो? पुष्कळदा कारण सापडत नाही. काहींत ते जन्मजात असतं. एक्स गुणसूत्रातला बिघाड किंवा फ्रॅजाइल एक्सचा वाहक जनुक असेल, तर अंडाशय चाळिशीच्या आत थांबू शकतो. आई-मावशीची पाळी लवकर गेली असेल, तर मुलीने ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. काही कारणं मात्र आपण हाताने करतो, आणि त्यांवर मला बोलायचंच आहे.

एन्डोमेट्रिओसिसमध्ये अंडाशयात जुन्या रक्ताची गाठ होते, तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. हा आजार स्वतःच साठा कमी करतो, आणि गाठ काढताना तिच्या आवरणाबरोबर निरोगी अंडीही निघून जातात. ऑपरेशननंतर एएमएच लक्षणीय घटतं. दुखणं असह्य असेल तर ऑपरेशन हवंच, पण आधी साठा मोजून, मुलाची इच्छा विचारून. केवळ सोनोग्राफीत गाठ दिसली म्हणून पंचविशीतल्या मुलीला टेबलावर घेणं चूक आहे. दोन्ही अंडाशयांवर पुन्हा पुन्हा झालेली ऑपरेशनं तर सगळ्यांत घातक.

क्षयरोग हे आपल्याकडचं मोठं कारण. तो प्रामुख्याने गर्भनलिका बिघडवतो, नंतर गर्भाशयाचं अस्तर आणि काहींत अंडाशयही. तो लपून असतो, खोकला नाही, ताप नाही, एवढंच की दिवस राहत नाहीत. तो शोधला पाहिजे. पण एका पीसीआर चाचणीच्या आधारावर, दुसरा कुठलाही पुरावा नसताना, प्रत्येकीला सहा महिन्यांची क्षयाची औषधं देण्याची जी पद्धत पडली आहे, तिने लाखमोलाचे सहा महिने जातात.

तंबाखूचं विष अंडाशयात पोचतं. सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांची पाळी एक-दोन वर्षं आधी जाते, हे पक्कं आहे. आपल्याकडे बायका सिगारेट कमी ओढतात, मशेरी मात्र लावतात. पहाटे चुलीपाशी तव्यावर तंबाखू भाजून दात घासणाऱ्या बायका आजही गावोगाव आहेत. मशेरीतही निकोटिन असतं आणि गरोदरपणात तिचा बाळाच्या वजनावर होणारा परिणाम पुण्या-मुंबईच्या अभ्यासांत दिसला आहे. मूल हवं असलेल्या बाईने ती सोडावी, एवढं सांगायला मला आणखी पुरावा नको.

आणि बीड. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या तरुणपणीच काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. चौकशीत तेरा हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढल्याचं पुढे आलं. पिशवी काढताना अंडाशय ठेवले तरी त्यांचा रक्तपुरवठा कमी होतो आणि ते लवकर थकतात. पाळीच्या दिवसांत रजा घेतली तर खाडा पडतो, कोयत्याची उचल फिटत नाही, या हिशोबापायी तिशीतल्या बाईचं शरीर पन्नाशीला पोचतं. अंडाशयावर परिणाम करणाऱ्या घटकांची यादी पुस्तकात वाचताना त्यात मजुरीचा दर कधी सापडत नाही. आपल्या राज्यात तो तिथे लिहायला हवा.

पीसीओडीचं दुखणं वेगळं. तिथे फॉलिकल भरपूर, एएमएच मोठा, पण अंडं वेळेवर पिकून फुटत नाही. यात प्रतिसाद अति येऊन पोटात पाणी साठण्याचा धोका असतो, म्हणून डोस हात राखून द्यावा लागतो. अंडं फुटण्यासाठी लेट्रोझोल हे औषध जुन्या क्लोमिफीनपेक्षा सरस आहे, हे २०१४ सालच्या अमेरिकन चाचणीने दाखवलं. त्या वेळी आपल्याकडे या कामासाठी त्यावर बंदी होती, २०११ मध्ये घातलेली. ती २०१७ मध्ये उठली. मधल्या सहा वर्षांत किती जणींचा वेळ गेला असेल, याचा विचार मनातून जात नाही. वजन थोडं जरी उतरलं तरी पीसीओडीत पाळी सुधारते, हा उपाय मात्र कधीच बंद नव्हता.

राहिली पावडरी, कॅप्सूल आणि ‘अंडाशय पुन्हा तरुण करणारी’ इंजेक्शनं. फॉलिकल वाढीच्या शेवटच्या टप्प्याला सुमारे तीन महिने लागतात, म्हणून औषधंही तीन महिन्यांची विकली जातात. को-क्यू-टेन, डीएचईए यांचा पुरावा अजून कच्चा आहे. अंडाशयात प्लेटलेटचा द्रव टोचण्याचा उपचार नेहमीसाठी वापरू नये, असं युरोपातल्या तज्ज्ञ संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं. गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी प्रथिनं परत आणणारं औषध अजून निघालेलं नाही. चांगलं जेवण, झोप, थायरॉइड आणि साखर ताब्यात, तंबाखू बंद, यांनी उरलेल्या अंड्यांना बरं वातावरण मिळतं. ही साधी गोष्ट साधीच राहू द्यावी.

वयाला थांबवण्याचा एकच उपाय आज आहे, अंडी गोठवणं. झटक्यात गोठवण्याची व्हिट्रिफिकेशनची पद्धत आली आणि २०१२ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थेने या तंत्रावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला. तिशीच्या आसपास गोठवलेली अंडी चांगली निघतात, चाळिशीत गोठवली तर त्यांचंही वय चाळीसच राहतं. ही मुलाची हमी नव्हे, आणि हमी म्हणून ती विकणं पाप आहे. शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मुलींना ‘उशीर केलास’ म्हणून टोचणाऱ्यांना मी विचारते, की सहा महिन्यांची रजा आणि पाळणाघर देणारी किती कार्यालयं आपण उभी केली?

दात्याच्या अंड्याबद्दल २०२१ चा कायदा आहे. देणारी २३ ते ३५ वयाची हवी, आयुष्यात एकदाच द्यावीत आणि सातपेक्षा जास्त अंडी काढू नयेत. काही डॉक्टरांना ही मर्यादा जाचक वाटते. मला तिचा हेतू योग्य वाटतो, कारण अंडी देणाऱ्या मुली बहुधा गरजू घरांतल्या असतात आणि त्यांच्या अंडाशयाची काळजी करणारं त्या खोलीत दुसरं कुणी नसतं. उपचार महाग आहेत हे खरं. गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात २०२३ पासून आयव्हीएफ मोफत मिळतं. महाराष्ट्रात प्रत्येक विभागात एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात तरी ही सोय व्हायला हवी.

शेवटी एक मागणी, आणि ती इथे बसलेल्या डॉक्टरांकडे आहे. स्तनाचा किंवा रक्ताचा कर्करोग झालेल्या विशी-तिशीतल्या मुली माझ्या प्रयोगशाळेपर्यंत पोचतात त्या केमोथेरपी संपल्यावर. सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधं अंड्यांचा साठा जाळतात, तेव्हा आमच्या हाती फारसं काही उरत नाही. वास्तविक स्तनाच्या कर्करोगात अनेकदा दोन आठवड्यांचा अवधी मिळतो. पाळीची वाट न पाहता कुठल्याही दिवशी इंजेक्शनं सुरू करता येतात, इस्ट्रोजेन चढू नये म्हणून सोबत लेट्रोझोल देतात, आणि अंडी गोठवून मग केमो सुरू करता येते. रक्ताच्या कर्करोगात तेवढा वेळ नसतो, तिथे निदान त्या मुलीला आणि तिच्या आईवडिलांना आधी सांगता तरी येतं. केसपेपरवर रोगाचा टप्पा लिहिता, औषधाचा डोस लिहिता, त्याच पानावर एक ओळ लिहा: मूल हवं आहे का, विचारलं. केमोच्या पहिल्या सलाइनआधी ती ओळ लिहिली गेली पाहिजे.